एचएस-सीआरपीचा आकडा आणि हृदयाच्या धमन्या: रिपोर्ट हातात आल्यावर काय करायचं

फुल बॉडी चेकअपच्या पॅकेजमध्ये हल्ली ‘कार्डियाक रिस्क मार्कर्स’ असं एक पान असतं. त्यावर एचएस-सीआरपी, होमोसिस्टीन, लायपोप्रोटीन (ए) अशी नावं आणि एखाद्या आकड्यापुढे ठळक अक्षरात ‘हाय’. रिपोर्ट रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर येतो, डॉक्टरांची वेळ दोन दिवसांनी मिळते आणि मधल्या वेळात घरातल्या सगळ्यांची झोप उडते. काही जण थेट अँजिओग्राफी कुठे स्वस्त होते याची चौकशी करायला लागतात. उलटंही होतं. सीआरपी नॉर्मल आला म्हणून जिना चढताना छातीत भरून येतं त्याकडे माणूस महिनोन् महिने काणाडोळा करतो.

दोन्हींच्या मुळाशी एकच गैरसमज आहे. शरीरात कुठेतरी दाह, म्हणजे आतली सूज चालू आहे का, हे सीआरपी सांगतो. हृदयाच्या धमनीतून रक्त नीट वाहतंय का, हे तो सांगत नाही. या दोन प्रश्नांचा संबंध जवळचा असला तरी त्यांच्या तपासण्या वेगळ्या आहेत. ज्यांच्या हातात असा रिपोर्ट पहिल्यांदाच आला आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे.

सगळ्यात आधी: आत्ता त्रास होतोय का?

छातीच्या मध्यभागी दडपण, जडपणा किंवा जळजळ, ती डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत जाणं, दरदरून घाम, धाप, मळमळ यांपैकी काही चालू असेल तर रिपोर्ट वाचत बसू नका. १०८ ला फोन करा किंवा कुणाला तरी सोबत घेऊन ज्या रुग्णालयात ईसीजी आणि हृदयरोगाची सोय आहे तिथे जा. स्वतः गाडी चालवू नका. मधुमेही माणसांना आणि बायकांना पुष्कळदा छातीत दुखतच नाही. नुसती धाप, अतोनात थकवा किंवा ‘गॅस झालाय’ असं वाटतं. अँटासिड घेऊन तासभर वाट बघण्याची आपल्याकडे फार वाईट सवय आहे.

अशा वेळी सीआरपी उपयोगाचा नाही. उपयोगाची रक्ततपासणी म्हणजे ट्रोपोनिन. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की हे प्रथिन रक्तात उतरतं. मात्र पहिल्या एक-दोन तासांत तेही नॉर्मल येऊ शकतं, म्हणून ते काही तासांनी पुन्हा तपासतात आणि आकडा चढतोय का ते बघतात. ‘एकदा निगेटिव्ह आलंय, घरी न्या’ असं नातेवाइकांनी स्वतःच ठरवू नये. दुसऱ्या बाजूने, किडनीचा जुना आजार, हृदयाच्या स्नायूला संसर्गाने आलेली सूज, फुफ्फुसात अडकलेली गुठळी, गंभीर जंतुसंसर्ग यांतही ट्रोपोनिन वाढतं. म्हणून ईसीजी आणि त्रासाचं वर्णन यांच्याबरोबरच ते वाचायचं असतं.

आत्ता त्रास नसेल, तर पुढे वाचा.

पायरी १: कोणता सीआरपी आहे आणि एकक कोणतं?

सीआरपी म्हणजे सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन. १९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये टिलेट आणि फ्रान्सिस यांना ते न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात सापडलं. ते यकृतात तयार होतं. शरीरात कुठेही दाह सुरू झाला की इंटरल्युकिन-६ हा रासायनिक निरोप यकृतापर्यंत जातो आणि सीआरपीचं उत्पादन वाढतं. काही तासांत आकडा चढायला लागतो आणि साधारण दोन दिवसांत शिखरावर पोचतो. मोठ्या संसर्गात तो नेहमीच्या शेकडो पट होतो.

ताप किंवा संसर्ग शोधण्यासाठी जो साधा सीआरपी करतात, तो मोठे आकडे मोजण्यासाठी असतो. त्यात ‘६ पेक्षा कमी’ एवढंच उत्तर आलं, तर हृदयाच्या जोखमीबद्दल त्यातून काहीच कळत नाही. हृदयासाठी १ की २ की ३ हा बारीक फरक मोजावा लागतो आणि तो हाय-सेन्सिटिव्हिटी, म्हणजे एचएस-सीआरपी तपासणीतच दिसतो. रिपोर्टवर ‘एचएस’ ही अक्षरं आहेत ना, ते पहिल्यांदा बघा.

मग एकक. काही लॅब मिलिग्रॅम प्रति लिटर देतात, काही मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. ०.३ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर म्हणजेच ३ मिलिग्रॅम प्रति लिटर. गेल्या वर्षी ०.२८ होता आणि यंदा २.८ झाला म्हणून घाबरण्याआधी दोन्ही रिपोर्टांवरची एककं ताडून बघा. कदाचित फक्त लॅब बदलली असेल. सीआरपीचे पुढचे सगळे आकडे मी मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये दिले आहेत.

पायरी २: रक्त दिलं त्या आठवड्यात काय चाललं होतं?

ही पायरी लोक सर्रास गाळतात आणि सगळा गोंधळ तिथेच होतो. सर्दी-खोकला, दाढ काढणं, हिरडीला आलेला गळू, लस, पडून लागलेला मार, लघवीचा संसर्ग, लांब पल्ल्याची मॅरेथॉन यांपैकी कशानेही एचएस-सीआरपी वर जातो. पावसाळ्यात डेंग्यू किंवा चिकुनगुनिया होऊन गेला असेल, तर त्या सुमारास काढलेला आकडा हृदयाच्या हिशोबात धरूच नका. चिकुनगुनियात तर सांधे महिनोन् महिने धरलेले राहतात आणि त्या सांध्यांचा दाहही याच आकड्यात मिसळतो.

संधिवात, सोरायसिस, आतड्यांचा जुना दाह असे आजार असतील, तर आकडा कायमच वर राहू शकतो. गर्भनिरोधक गोळ्या आणि रजोनिवृत्तीनंतर तोंडावाटे घेतलेलं इस्ट्रोजेन यांनीही तो वाढतो. यातलं जे लागू असेल ते रिपोर्टच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहून ठेवा. डॉक्टरांना ती दोन ओळींची नोंद आकड्याइतकीच उपयोगाची असते.

आकडा १० च्या वर असेल, तर आधी संसर्ग किंवा दुसरं कारण शोधायचं आणि बरं वाटल्यावर किमान दोन आठवड्यांनी तपासणी पुन्हा करायची. १० च्या खाली असला तरी एका मोजणीवर विसंबू नये. दोन आठवड्यांच्या अंतराने दोनदा मोजून सरासरी धरावी. या तपासणीला उपाशीपोटी जायची गरज नसते. त्याच दिवशी साखर आणि लिपिड प्रोफाइलही करायचं असेल, तर लॅबने सांगितलेला नियम पाळा.

पायरी ३: आकडा वाचणं

अमेरिकन हार्ट असोसिएशन आणि तिथली सरकारी आरोग्यसंस्था सीडीसी यांनी २००३ साली मांडलेली वाटणी आजही वापरात आहे: १ च्या खाली जोखीम कमी, १ ते ३ मध्यम, ३ च्या वर जास्त. औषधांच्या मोठ्या चाचण्यांमध्ये २ ही रेघ धरली गेली, त्यामुळे पुष्कळ डॉक्टर २ पासूनच दखल घेतात.

‘जास्त जोखीम’ म्हणजे धमनीत अडथळा आहे असं नव्हे. पुढच्या वर्षांत हृदयविकाराची शक्यता, तेच वय, तोच रक्तदाब आणि तेच कोलेस्टेरॉल असलेल्या पण कमी सीआरपीच्या माणसापेक्षा अधिक आहे, एवढाच त्याचा अर्थ.

हा संबंध येतो कुठून? धमनीच्या अस्तराखाली एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल साचतं, ते साफ करायला पांढऱ्या पेशी येतात, तिथेच अडकतात आणि दाह धुमसत राहतो. त्या चरबीच्या थरावर, म्हणजे प्लाकवर, तंतूंचं एक झाकण असतं. दाह जितका जास्त, तितकं ते झाकण पातळ होत जातं. एखाद्या दिवशी ते फाटतं, त्यावर रक्ताची गुठळी बसते आणि प्रवाह थांबतो. पुष्कळ झटके ज्या जागी येतात, तिथे आधी फार मोठा अडथळा नसतो. दाहाचा मार्कर मोजावासा वाटतो तो याच कारणासाठी, कारण नुसत्या अडथळ्याच्या टक्केवारीत हा धोका दिसत नाही.

हृदयरोग संशोधक पॉल रिडकर आणि सहकाऱ्यांनी १९९७ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांच्याच साठवलेल्या रक्तनमुन्यांवरून दाखवलं की, धडधाकट दिसणाऱ्या पुरुषांमध्ये सुरुवातीचा सीआरपी ज्यांचा जास्त होता, त्यांना पुढे हृदयविकाराचे झटके जास्त आले. म्हणून सीआरपीच धमन्या खराब करतो का? तसं दिसत नाही. जन्मतःच ज्यांची जनुकं सीआरपी जास्त बनवतात, त्यांच्यात हृदयविकार त्या प्रमाणात वाढलेला आढळला नाही. म्हणून ‘सीआरपी कमी करणारं’ म्हणून विकल्या जाणाऱ्या चूर्णांवर आणि कॅप्सुलांवर पैसे घालवू नका. कमी करायचा तो त्यामागचा दाह आणि त्याची कारणं.

पायरी ४: त्याच पानावरची बाकीची नावं

ईएसआर हा जुना, स्वस्त मार्कर. तो वयाने, रक्तक्षयाने, गरोदरपणाने बदलतो आणि हळू उतरतो. हृदयाच्या जोखमीसाठी त्याला फारसं महत्त्व देऊ नका. फायब्रिनोजेन हे रक्त गोठवणारं प्रथिन आणि पांढऱ्या पेशींची संख्या दाहात वाढतात, पण त्यांवरून उपचार ठरत नाहीत. न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट या दोन प्रकारच्या पांढऱ्या पेशींचं गुणोत्तर साध्या सीबीसीतून काढता येतं म्हणून त्यावर भरपूर संशोधन होतं. घरी त्याचं गणित करत बसू नये.

होमोसिस्टीन या रक्तातल्या अमिनो आम्लाबद्दल मात्र थोडं थांबून सांगायला हवं, कारण आपल्याकडे ते पुष्कळांचं वाढलेलं येतं. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने गाव, झोपडपट्टी आणि शहरी मध्यमवर्ग अशा तिन्ही ठिकाणचे पुरुष तपासले, तेव्हा बी-१२ ची कमतरता आणि वाढलेलं होमोसिस्टीन मोठ्या प्रमाणावर आढळलं. शाकाहारी घरांत तर हे नेहमीचंच. बी-१२ कमी असेल तर ते जरूर भरून काढा; नसांसाठी आणि रक्तासाठी ते हवंच. पण जीवनसत्त्वं देऊन होमोसिस्टीन खाली आणलं म्हणून हृदयविकाराचे झटके कमी झाले, असं मोठ्या चाचण्यांत दिसलं नाही.

लायपोप्रोटीन (ए) हा कोलेस्टेरॉल वाहणारा एक कण, दाहाचा मार्कर नव्हे. तो बहुतांशी आईवडिलांकडून येतो आणि आयुष्यभर जवळपास तेवढाच राहतो. एकदा मोजला की पुरे. ५० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर असेल, तर एलडीएल, रक्तदाब आणि तंबाखू याबाबत जास्त कडक राहायचं आणि भावंडांनाही तपासायला सांगायचं.

पायरी ५: प्रवाहाचा प्रश्न वेगळा विचारा

धमनीतून रक्त कमी पडतंय का, याची पहिली तपासणी तुमचं स्वतःचं वर्णन हीच असते. चढावर, भरभर चालताना, जेवल्यानंतर चालताना छातीत दडपण येतं आणि थांबलं की काही मिनिटांत जातं, हे ऐकलं की डॉक्टरांच्या डोक्यात अंजायना येतो. किती पायऱ्यांनंतर, किती वेळ, कशाने थांबतं, हे नीट सांगा. ‘कधी कधी होतं’ यातून काही कळत नाही.

शांत झोपून काढलेला ईसीजी आणि टूडी एको हे दोन्ही नॉर्मल असूनही धमनीत मोठा अडथळा असू शकतो, कारण विश्रांतीत हृदयाला रक्त कमीच लागतं. म्हणून ताणाखालची तपासणी असते: पट्ट्यावर चालवून केलेली टीएमटी, स्ट्रेस एको किंवा स्ट्रेस थॅलियम. धमन्यांची रचना बघायला सीटी अँजिओग्राफी. तिच्यानंतरही शंका उरली किंवा त्रास जास्त असला, तर हातातून किंवा जांघेतून नळी घालून अँजिओग्राफी. तिथे अडथळा मधल्याच टक्केवारीचा दिसला, तर एफएफआर नावाने दाबातला फरक मोजतात, ०.८० किंवा त्याहून कमी आला, तर तो अडथळा खरोखर रक्त अडवतोय असं धरतात.

यापैकी कोणतीही तपासणी केवळ एचएस-सीआरपी ३.५ आला म्हणून करायची नसते. त्रास नसेल, तर त्या आकड्याने होतं एवढंच की एकूण जोखमीचा हिशोब वरच्या बाजूला सरकतो आणि स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारं औषध, सुरू करावं का ही चर्चा गंभीरपणे होते.

पायरी ६: रिपोर्टमध्ये ‘स्लो फ्लो’ लिहिलं असेल तर

अँजिओग्राफीचा कागद घेऊन येणाऱ्यांना सर्वांत जास्त कोड्यात टाकणारी ओळ हीच. ‘धमन्या मोकळ्या आहेत, पण फ्लो स्लो आहे.’ मोकळ्या आहेत तर मग छातीत दुखतं कशाने?

अँजिओग्राफीत धमनीत रंगद्रव्य, म्हणजे डाय सोडतात आणि ते टोकापर्यंत कसं पोचतं याचा चलतपट घेतात. त्याला टिमी श्रेणी देतात: ० म्हणजे प्रवाह बंद, १ म्हणजे डाय अडथळ्यापलीकडे झिरपतो पण धमनी भरत नाही, २ म्हणजे भरते पण सावकाश, ३ म्हणजे नेहमीचा प्रवाह. अधिक नेमकेपणा हवा असेल, तर डाय धमनीच्या तोंडापासून ठरलेल्या टोकापर्यंत पोचायला किती फ्रेम लागल्या, ते मोजतात. ही पद्धत १९९६ साली गिब्सन आणि सहकाऱ्यांनी मांडली. सेकंदाला ३० फ्रेम या वेगावर नॉर्मल आकडा २१ च्या आसपास असतो. २७ च्या वर गेला की प्रवाह मंद म्हणतात. एलएडी ही पुढची धमनी लांब असल्याने तिचा आकडा १.७ ने भागून घेतात. अँजिओग्राफी करतात त्या आजच्या पुष्कळ कॅथलॅबमध्ये किरणोत्सर्ग कमी व्हावा म्हणून सेकंदाला १५ फ्रेमच घेतात, तेव्हा मोजणी दुप्पट करावी लागते. रिपोर्टमध्ये फ्रेम काउंट दिला असेल, तर हे विचारायला हरकत नाही.

मोठ्या धमन्या जवळजवळ मोकळ्या आणि तरी प्रवाह मंद, हे चित्र १९७२ साली पहिल्यांदा वर्णन केलं गेलं. ते पुरुषांत, विशेषतः धूम्रपान करणाऱ्यांत जास्त दिसतं आणि दुखणं पुष्कळदा विश्रांतीतही येतं. दोष बहुधा अँजिओग्राफीत न दिसणाऱ्या बारीक रक्तवाहिन्यांत असतो: त्या नीट सैलावत नाहीत, त्यांचं अस्तर बिघडलेलं असतं. आणि इथे दाह पुन्हा गोष्टीत येतो. स्लो फ्लो असलेल्या रुग्णांत एचएस-सीआरपी, इंटरल्युकिन-६ आणि पांढऱ्या पेशींना अस्तराला चिकटवणारे रेणू वाढलेले असतात, असं अनेक अभ्यासांत आढळलं. त्यातले बरेच तुर्कस्तानातले आहेत. पण हे अभ्यास बहुतेक लहान आहेत आणि रक्त एकदाच घेतलेलं आहे. दाहामुळे प्रवाह मंदावला, की दोन्हींमागे तंबाखू आणि पोटाची चरबी आहे, हे त्यातून सुटं करता येत नाही. म्हणून सीआरपी जास्त आला म्हणून स्लो फ्लो असेल असं उलटं अनुमान काढू नका.

स्टेंट बसवण्याइतका अडथळाच नसल्याने इथे स्टेंटचा उपयोग नसतो. ठरलेलं असं एकच औषधही नाही. तंबाखू बंद, स्टॅटिन, रक्तदाब आणि साखर आटोक्यात, आणि दुखण्यासाठी रक्तवाहिन्या सैलावणारी औषधं डॉक्टर माणूस बघून निवडतात. ‘काही नाही, मनाचे खेळ आहेत’ असं कुणी म्हणालं, तर दुसरं मत घ्या. हे दुखणं खरं असतं.

अँजिओप्लास्टी चालू असताना गुठळी, धमनी अचानक आकसणं किंवा बारीक वाहिन्या तुंबणं यांमुळेही प्रवाह मंदावतो. तो प्रकार वेगळा. तुमच्या कागदावरचा ‘स्लो फ्लो’ यांतला कोणता, हे विचारून घ्या.

पायरी ७: दाह खाली आणणं

तंबाखूपासून सुरुवात करा. सिगारेट, विडी, गुटखा आणि मशेरीही. आजी पन्नास वर्षं मशेरी लावते म्हणून ती निरुपद्रवी ठरत नाही. हिरड्यांतून रक्त येत असेल तर दंतवैद्याकडे जा. हिरड्यांचा जुना दाह एचएस-सीआरपी वाढवतो आणि उपचारांनी तो उतरतो.

मग पोट. याज्ञिकांच्याच पाहणीत गावातल्यापेक्षा शहरी पुरुषांत चरबी जास्त आणि तिच्याबरोबर दाहाचे मार्करही जास्त होते. आपल्याकडे वजन काट्यावर बेताचं असूनही पोटावर चरबी असते. वजनकाट्यापेक्षा कंबरेचं माप घ्या: पुरुषांत ९० आणि बायकांत ८० सेंटिमीटर ही मर्यादा. रोजचं चालणं, पुरेशी झोप, तळण आणि मैदा कमी, ताटात उसळी, भाज्या आणि ज्वारी-बाजरी जास्त, यात नवीन काही नाही. पण पोटाचा घेर कमी झाला की आकडा खरोखर उतरतो.

औषधांत सर्वांत भक्कम पुरावा स्टॅटिनचा आहे. २००८ च्या ज्युपिटर चाचणीत एलडीएल १३० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली पण एचएस-सीआरपी २ किंवा जास्त असलेल्या १७,८०२ जणांपैकी निम्म्यांना रोसुव्हास्टॅटिन २० मिलिग्रॅम दिलं गेलं. त्यांच्यात हृदयविकार, पक्षाघात आणि संबंधित घटना ४४ टक्क्यांनी कमी झाल्या. त्यात एलडीएलही बरंच उतरलं होतं, त्यामुळे सगळं श्रेय दाहाला देता येत नव्हतं. तो प्रश्न २०१७ च्या कॅन्टोस चाचणीने सोडवला. कॅनाकिनुमॅब या इंजेक्शनने एलडीएल न हलवता फक्त दाह कमी केला आणि १५० मिलिग्रॅमच्या मात्रेत घटना १५ टक्क्यांनी घटल्या. पण जीवघेणे संसर्गही वाढले आणि औषध अतिशय महाग. त्यामुळे ते हृदयासाठी वापरात आलं नाही.

गाउट या सांधेदुखीवरचं जुनं, स्वस्त कोल्चिसिन मग पुढे आलं. ०.५ मिलिग्रॅमच्या मात्रेने २०१९ आणि २०२० च्या दोन मोठ्या चाचण्यांत फायदा दाखवला, २०२३ मध्ये अमेरिकेत त्याला हृदयासाठी मंजुरी मिळाली आणि २०२४ मध्ये झटक्यानंतरच्या रुग्णांवरच्या आणखी मोठ्या चाचणीत फायदा दिसला नाही. म्हणजे ते काही जणांसाठी आहे, सगळ्यांसाठी नाही. मेडिकलमधून स्वतः आणून सुरू करू नका. किडनी कमजोर असेल किंवा क्लॅरिथ्रोमायसिनसारखं अँटिबायोटिक चालू असेल, तर ते विषारी पातळीला जाऊ शकतं. जुलाब तर पुष्कळांना होतात. दाह कमी करायला म्हणून डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन रोज घेणं हे त्याहून वाईट. या वेदनाशामकांनी हृदयविकाराची जोखीम उलट वाढते.

स्टॅटिन सुरू केलं किंवा तंबाखू सोडली, की साधारण तीन महिन्यांनी लिपिड प्रोफाइलबरोबर एचएस-सीआरपी पुन्हा करा, शक्यतो त्याच लॅबमध्ये. एलडीएल ठरवलेल्या पातळीला आलं आणि सीआरपी अजून २ च्या वर असेल, तर त्याच भेटीत हिरड्या, सांधे, कंबर आणि झोपेतलं घोरणं यांची चौकशी डॉक्टरांकडे स्वतःहून काढा.